घास म्हणजे गवत नव्हे

टायफॉइड उतरला आणि जाताना पोरीची भूक घेऊन गेला. सतरा वर्षांची माझी मुलगी पंधरा दिवस नुसत्या डाळीच्या पाण्यावर होती. ताट समोर ठेवलं की तोंड फिरवायची, जबरदस्ती केली की उलटी. शुक्रवारी डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. "सोमवार तक देखते हैं. पेट में कुछ नहीं गया तो भर्ती करना पड़ेगा, नाक से नली डालेंगे." मी मान हलवली. घरी येईपर्यंत ऑटोत मी सोमवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजत होते.

माझा स्वभाव आधीच तापट. काळजी वाटली की बाकीच्या बायांना रडू येतं, मला राग येतो. हे बर्गीच्या धरणावर नोकरीला, शनिवारी संध्याकाळी येणार. तोवर राग काढायला घरात ती आणि मी. आणि ही आजारी पोरगी दिवसभर वाचायची काय, तर जेवणाच्याच गोष्टी! जादूची खानावळ चालवणाऱ्या पोरी, ज्यांच्या हातचं सूप प्यालं की माणूस उडतो, असली जाडजूड इंग्रजी पुस्तकं उशाशी रचलेली.

"पुस्तकातलं सगळं चाटूनपुसून खाऊन राहिली, अन् ताटातलं वरण काहून चालत नाही तुला?"

"पुस्तकातल्या जेवणाला वास नाही येत, मम्मी," ती म्हणाली.

कपाळ माझं! मी ऑफिसला फोन करून रजा सांगितली आणि तिची अर्धी कोरी वही ओढून बसले. गोष्टच पाहिजे ना बाईसाहेबांना, घ्या. आयुष्यात अर्ज सोडून दुसरं काही लिहिलं नव्हतं, पण त्या दुपारी चार पानं लिहिली, तीही या हिंदी मुलखात राहून मराठीत. भेडाघाटच्या संगमरवरी खडकांखाली, नर्मदेच्या तळाशी एक राक्षसीण राहते. तिची चूल पाण्यातही विझत नाही. तिनं एका मुलीला रांधायला धरून नेलंय. त्या मुलीच्या हातचं खाल्लं की माणसाला विसरलेलं सगळं आठवतं, पण प्रत्येक स्वयंपाकागणिक तिची स्वतःची चव जात जाते.

अट घातली, एक पान वाचायचं तर एक चमचा मऊ भात. "चलो, ठीक है," म्हणाली. संध्याकाळी दोन चमचे गेले आणि पोटात राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन देवापुढे नाक घासलं.

शनिवारी सकाळी पुढची पानं दिली. शेवटी राक्षसीण मुलीला म्हणते, 'एक घास खा, तुझी चव परत येईल.' मी आंघोळ करून आले तर काय, पोरगी उठून बसलेली, वहीत खाली मान घालून लिहून राहिली होती. पुढचा भाग तिनं स्वतःच लिहिला होता, अर्धा हिंदीत, अर्धा मोडक्या मराठीत. मी हौसेनं वाचायला घेतला. मुलगी नदीतून वर येते, काठावर गुडघे टेकते आणि गायीसारखी वाकून चरायला लागते.

"हे काय?"

"तूच तर लिहिलं. एक घास खा."

हिंदीतलं घास! गवत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गवत खाऊ घालीन मी तिला? घास कळत नाही तुला? मराठी घरात जन्मली अन् इतकं साधं मराठी येत नाही! लोकं हसतील तोंडावर!"

तिनं वही मिटली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी नंतर पाण्याचा थेंबही घेतला नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला लगामही नाही. संध्याकाळी हे आले, तिच्याजवळ बसले, उठले, आणि दवाखान्याची पिशवी भरायला लागले. टॉवेल, पेला, तिचे दोन गाऊन. मला त्या पिशवीकडे बघवेना.

रविवारी सकाळी वरण-भाताची वाटी घेऊन गेले. चमचा पुढे केला, तिनं ओठ घट्ट मिटले. मी वाटी मांडीवर घेऊन बसले. शेवटी तीच बोलली.

"मग घास म्हणजे काय?"

"हातानं तोंडात देतात तो. कालवलेल्या भाताचा."

"अच्छा, कौर?"

"हो. कौर."

"मग तसं लिहायचं ना. कौर मला येतं. बड़ी मम्मी द्यायच्या."

बड़ी मम्मी म्हणजे आमच्या शेजारच्या भाभी, सागर गावाकडच्या. पोरगी दीड वर्षाची झाली आणि मी ऑफिसला परत लागले, तेव्हापासून शाळेत जाईस्तोवर तिचं दुपारचं जेवण त्यांच्याकडे. 'ये कौर चिड़िया का, ये कौर मम्मी का.'

"घास तू कधी म्हटलंच नाही," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी उलट बोलले असते.

मी आठवून पाहिलं. जेव लवकर. ताट संपव. सांडू नको, मला उशीर होऊन राहिला. एवढं सगळं मराठी मी तिला दिलं होतं, रोज दिलं होतं. तो एक शब्द कुठं सापडेना. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

चमचा बाजूला ठेवला. हात धुऊन आले, भातावर तूप घातलं आणि बोटांनी कालवला. वासानं तिचा चेहरा कसनुसा झाला. मी ओरडले नाही.

"तुझ्या त्या पोरीला गवत खाऊन चव आली का?" मी विचारलं.

"लगेच नाही. पहिले कडूच लागलं."

आणि तिनं डोळे मिटून तोंड उघडलं. मी घास दिला. ती चावत राहिली, चावत राहिली, आणि मी तिच्या गळ्याकडे बघत बसले. गिळला. आम्ही दोघी थांबलो. उलटी आली नाही.

हे दारात उभे होते. "किती खाल्लं?" त्यांनी हळूच विचारलं.

"एक," मी म्हणाले. सतरा वर्षांत, तिला आठवेल असा माझ्या हातचा एक.