पहिला मणी पाचव्या दिवशी

"तुकईथडच्या केळीतून बीए उगवली, पण तिला मणी मोजता येत नाहीत!"

लालबागच्या दवाखान्यात कुटुंबनियोजन समितीच्या बाई सगळ्यांसमोर असं बोलल्या. बाकावरच्या बायका हसल्या. माझी माळ बाईंच्या बोटाला लटकत होती. पाळी चुकून पंधरा दिवस झाले होते.

नवा मध्यप्रदेश नुकताच झाला होता; आमचं लालबाग आणि माझं माहेर तुकईथड त्यातच. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या घराण्यातली पहिली बीए. मला शिकवा म्हणून वडिलांच्या मागे लागलेल्या गुरुजींचे उपकार मी विसरणार नाही. पण दुसऱ्या बाळंतपणात रक्त थांबेना. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "तिसऱ्या वेळी वाचशील, असं मी सांगू शकत नाही."

म्हणून ती माळ. वकिलाची बायको असलेल्या या बाईंनीच दिलेली. पाळी आली की रोज एक मणी सरकवायचा. हिरव्या मण्यांचे दिवस बिनधोक. मधले लाल मणी म्हणजे बीज सुटण्याचे दिवस. तेव्हा नवऱ्यापासून लांब राहायचं. सहा महिने मी एकही मणी चुकवला नव्हता.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "पहिला मणी कधी सरकवतेस?"

"न्हाल्यावर. पाचव्या दिवशी."

"पहिल्या दिवशी का नाही?"

"बाजूला बसते ना. माळ देवाजवळ असते. शिवायची कशी?"

माळ म्हणजे जपाचीच, म्हणून सासूबाईंनी ती देवाजवळच्या खुंटीला टांगली होती. मी चार दिवस पडवीत, पोत्यावर. चार मणी मागे. लाल दिवस सुरू झाले तरी माझ्या बोटांत हिरवाच मणी असायचा. उभ्या उभ्या मला ते कळलं.

"अडाणी ते अडाणीच," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमच्या घरी बाजूला बसतात?" मी विचारलं.

"म्हणजे काय! आमचं सोवळ्याचं घर आहे."

"मग तुमची माळ पहिल्या दिवशी कोण सरकवतं?"

बाईंनी माळ टेबलावर टाकली. कोणी हसलं नाही.

उरलेले महिने मी मरणाला घाबरून काढले. शिकवताना हातातून खडू गळायचा. दोन्ही पोरांची तोंडं बघवत नव्हती. मुलगी झाली. पुन्हा रक्त गेलं. वाचले, ती डॉक्टरीणबाईंमुळे. गर्भाशयाचं तोंड झाकून पुरुषाचं बीज अडवणारी रबरी टोपी त्यांनी मला दिली. माळही ठेव म्हणाल्या.

पुन्हा पाळी आली. सासूबाईंनी पडवीत पोतं टाकलं.

"बस तठे. देवाकडे जाऊ नको."

"नाही बसणार, आत्याबाई."

"देव बाटीन!"

"बाटू द्या. मला मरायचं नाही."

मी खुंटीवरची माळ काढली. पहिल्याच दिवशी मणी सरकवला.

आता डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून दर रविवारी दवाखान्यात माळा मी देते. आधी विचारते, "ते चार दिवस तू कुठे बसतेस?" माळ घ्यायला आलेली बाई खाली बघते. तिची सासू माझ्याकडे डोळे वटारते. मला अजून भीती वाटते. पण उत्तर मिळाल्याशिवाय मी माळ हातात देत नाही.