इक्बालचा तिसरा रकाना

“इक्बाल गेला,” सोमवारी सकाळी पेणच्या एसटी स्टँडवर विलास म्हणाला. मी म्हटलं, “कुठं? दुबईला?” चौतीस वर्षांचा माणूस गेला म्हटल्यावर आणखी काय वाटणार… विलासने माझा हात धरला. शनिवारी शिफ्ट सुटताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं. मी तिथेच कठड्यावर बसलो. आदल्याच दिवशी, रविवारी, रामवाडीला आमची मॅच होती. कुंपणाजवळची इक्बालची जागा रिकामी दिसली आणि मला बरं वाटलं होतं. बरं वाटलं होतं! तेव्हा त्याला माती देऊनसुद्धा झाली होती. दोन महिने होत आले, तरी हे आठवलं की अंगावर काटा येतो.

इक्बाल रोह्याचा, तिथल्याच एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. दर तासाला टाकीचं तापमान लिहायचं, हे त्याचं काम, आणि तीच सवय त्याने फुटबॉलला लावली. स्वतःला चेंडू धड मारता येत नव्हता, पण मॅचला वही घेऊन बसायचा. मधल्या फळीतल्या खेळाडूंचे दोन रकाने. एकात पास, पोचला तर उभी रेघ, हुकला तर फुली. दुसऱ्यात समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू. पुढे दिलेला पास आणि मागे ढकललेला पासही तो वेगळा लिहायचा. मी चिडवायचो, “अरे, ही काय तुझी टाकी आहे का?” तर म्हणायचा, “मोहन, एका रीडिंगवर व्हॉल्व फिरवायचा नाय. चार मॅच बघायच्या, मग बोलायचं.”

मग त्याच्या कंपनीने टीम बांधायला घेतली. मधल्या फळीत एकच जागा होती आणि तिच्याबरोबर पर्मनंट नोकरी. मी आणि विलास, दोघांतला एक. साहेबांनी इक्बालची वही मागवली. चार मॅचचा हिशेब स्वच्छ होता: पास दोघांचे सारखे, पण चेंडू हिसकावण्यात विलास माझ्या दुप्पट. नोकरी विलासला लागली. मी रोह्याला जाऊन इक्बालच्या दारातच भांडलो. “मी आधीच वाटेत उभा राहतो म्हणून तिकडे पासच येत नाही. हिसकावायची वेळच येत नाही. ते कुठं लिहिलंस?”

तो गोंधळला. “जे झालंच नाय, ते कसं मोजायचं?”

“मग मोजू नकोस!” म्हणून मी निघून आलो. वर्षानुवर्षांची दोस्ती, आणि त्यानंतर दोन वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. एकदा वडखळला तो एसटीच्या खिडकीपाशी येऊन हात करत होता, तर मी तोंड फिरवून बसलो. तरी सुट्टीच्या दिवशी तो गाडी पकडून पेणला यायचा आणि कुंपणाजवळ वही उघडून बसायचा. मला वाटायचं, हा अजून माझ्या चुका मोजतोय. लाज वाटते लिहायला, पण मी असाच आहे, हट्टी आणि तिरसट.

चाळिसाव्याला मी रोह्याला गेलो. भाभींनी आत बोलावलं, पाणी दिलं आणि कपाटातून वही आणून माझ्यासमोर ठेवली. “तुमचीच हाय ही. तुमच्याकडं यायचं रोज बोलायचे. मी म्हनायची, जा की मग. तर बोलायचे, अजून पक्कं नाय झालं.”

जवळजवळ सगळी वही माझ्या मॅचची होती. प्रत्येक पानावर इक्बालने तिसरा रकाना आखला होता: ‘मोहन उभा, पास नाय’. समोरच्याने पास द्यायला मान वर केली, मला पाहिलं आणि चेंडू मागे फिरवला, की एक रेघ. पानंच्या पानं रेघांनी भरली होती. विलासच्याही काही मॅच त्याने तशाच मोजल्या होत्या. त्या रकान्यात रेघा तुरळकच. शेवटच्या भरलेल्या पानाखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘माझं चुकलं वाटतं. अजून एक मॅच. मग मोहनकडं जायचं.’

मी पान उलटलं. त्या रविवारचं पान त्याने आदल्या आठवड्यातच आखून ठेवलं होतं. वर तारीख, रामवाडी, माझं नाव. खाली तिन्ही रकाने कोरे.