एका हाताच्या भरवशावर

जर्सी सिटीतल्या आमच्या बेसमेंटच्या खिडकीतून फक्त रस्त्यावरच्या माणसांच्या पोटऱ्या दिसायच्या. एका दुपारी आईला त्या खिडकीतून बाबांचे बूट दिसले. ते चालत नव्हते, ओढले जात होते. पंपावरची दोन माणसं बाबांना काखेत धरून घरी घेऊन येत होती.

बाबा गॅस पंपावर लोकांच्या गाड्यांत गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायचे. त्या दिवशी दोघे जण गल्ला लुटायला आले. बाबा कराडकडचे, तालमीत वाढलेले, कान मोडलेला पैलवान गडी. पहिल्याला त्यांनी उचलून काँक्रीटवर आपटला. दुसऱ्याच्या हातात बेसबॉलची बॅट होती. त्याने ती बाबांच्या जबड्यावर घातली. पोलिसांनी येऊन विचारलं, काय झालं? बाबा तोंडातलं रक्त गिळून म्हणाले, ‘नो प्रॉब्लेम.’ तेवढंच इंग्रजी त्यांना पक्कं येत होतं.

आत्याने स्पॉन्सर केलं म्हणून आम्ही अमेरिकेत आलो. बाबा सातवी, आई चौथी. दादा तेव्हा बारा वर्षांचा होता, मी नऊची. बाबांचा जबडा तारेने बांधला, आणि ते खाटेवर पडून टीव्ही बघायला लागले. इतर काही कळत नव्हतं म्हणून बेसबॉल बघायचे. ज्या बॅटने आपलं तोंड फोडलं ती असते तरी कशासाठी, हे त्यांना बघायचं होतं. महिन्याभरात त्यांना चेंडू टाकणारा पिचर, बॅटरच्या मागे बसून तो झेलणारा कॅचर, स्ट्राइक सगळं समजायला लागलं. तार निघाली तेव्हा पहिलं वाक्य बोलले ते असं: “ह्या घरातलं एक पोर मी कॉलेजात घालणार. पंपावर न्हाई.”

एक पोर. कुठलं, ते सांगायची गरज नव्हती.

आता बाबा सत्तरीला आले तरी फेब्रुवारीत बेसबॉलच्या टीमचे सरावाचे कॅम्प सुरू झाले की रोज फोन करतात. यंदा आमच्या लाडक्या टीमकडे एकोणीस वर्षांचा पिचर आहे. रेडिओवर फोन करणारे सगळे त्याच्यावर लट्टू झालेत.

“बघितलंस का त्या पोराला? ताशी शंभर मैलानं टाकतंय!”

“बघितलं. अजून खाली मायनर लीगमध्ये ठेवायला पाहिजे त्याला.”

“मायनरमधी? आगं, आमच्या तालमीत एकोणिसाव्या वर्षी पोरं फड गाजवायची.”

“आणि पंचविसाव्या वर्षी लंगडायची.”

“तू नेमकी कुणाच्या बाजूनं हाईस?”

“टीमच्या.”

फोन ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी परत करतात.

माझं म्हणणं सरळ आहे. मॅच सुरू करणारे आमचे पाचही स्टार्टर पिचर कागदावर झकास दिसतात. पण तिसऱ्याचा खांदा गेल्या सीझनच्या शेवटी आखडला होता, आणि पाचवा चौथ्या इनिंगनंतर मार खातो. मग सहावा कोण? सातवा कोण? रेडिओवर एकही माणूस हे विचारत नाही. सहा महिने जवळजवळ रोज मॅच असते. जुलैपर्यंत कुणाचं ढोपर जातं, कुणाच्या बरगडीत चेंडू बसतो, कुणाची भिंतीवर आदळून शुद्ध हरपते. सप्टेंबरमध्ये मॅच जिंकून देतात ती बहुतेक वेळा एप्रिलमध्ये मायनरच्या बसमधून फिरणारी, कुणी नाव न घेतलेली पोरं. आणि आमचे लोक म्हणतात, तसल्या दोघांना देऊन टाका आणि एक होमरनवाला आणा. सेंटर फील्डला आमच्याकडे धड एकच माणूस आहे. दुसरा कॅचर तर चेंडू दुसऱ्या बेसपर्यंत एका टप्प्यात पोचवत नाही. त्या एकोणीस वर्षांच्या पोराला मी असते तर जूनपर्यंत वर आणलंच नसतं. एका मॅचला चार-पाच इनिंग, मग हाताला विसावा. त्याला जपायचं, आणि त्याच्या मागे चार जण तयार ठेवायचे.

बेसबॉल संथ खेळ आहे असं ऑफिसातले आमचे देशी लोक म्हणतात. त्यांनी कधी खाली बसून नव्वद मैलांचा चेंडू झेललेला नाही. मी झेललाय.

दादा गावाकडे टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचा आणि फास्ट टाकायचा. इथे शाळेच्या कोचने त्याला पिचर केलं. पंधराव्या वर्षी त्याचा चेंडू बघायला दुसऱ्या शाळांचे कोच यायला लागले. कॉलेजं पिचरला फुकट शिकवतात हे कुणीतरी बाबांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून बाबा घरात वस्ताद झाले. वादळात पडलेल्या मेपलचा ओंडका तासून त्यांनी मुद्गल बनवला. पहाटे जोर, बैठका, मग मुद्गल फिरवायचा. हात थांबला की पंपावरच्या जुन्या रबरी नळीचा तुकडा पोटरीवर बसायचा. दादाच्या पोटऱ्यांवर कायम निळे वळ असायचे. शाळेत चड्डी घालून पळायची वेळ आली की तो लांब मोजे चढवायचा.

तालमीत खुराक एकाच पैलवानाला मिळतो, तसा तो आमच्याकडेही होता. दूध दादाला, बदाम दादाला, अंडी दादाला. मी त्याची कॅचर. घरामागच्या पार्किंगमध्ये एका उलट्या बादलीवर बसून मी शाळेने टाकून दिलेल्या मिटने, कॅचरच्या जाड हातमोज्याने, त्याचे चेंडू झेलायचे. छाती, मांड्या, हनुवटी, सगळीकडे चेंडूचे शिक्के असायचे. एकदा अंगठा सांध्यातून निखळला आणि मागे वळला. बाबांनी तो धरला, माझ्या तोंडात ओढणीचा बोळा कोंबला आणि खाडकन ओढला. हळद लावून बांधला. दुसऱ्या दिवशी मी परत बादलीवर. माझे शाळेतले मार्क चांगले होते, पण घरात ते कुणी विचारायचं नाही.

शाळेचा कोच भला माणूस होता. मॅच झाली की दोन-चार दिवस हाताला पूर्ण विसावा द्या, चेंडूला हातसुद्धा लावू नका, असं त्याने बजावलं होतं. दादाने ते मराठीत सांगितलं तेव्हा बाबा हसले.

“विसावा मेल्यावर. तालमीत हात दुखतोय म्हणून घरी गेला तर वस्ताद दारातनं परत हाकलायचा.”

त्यामुळे कोचने सुट्टी दिली की त्या दिवशी घरी दुप्पट मेहनत. कोचला हे माहीत नव्हतं आणि बाबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी गोऱ्यांची पोरं नाजूक होती, आपलं पोर लोखंडाचं होतं.

चेंडू झेलणाऱ्याला टाकणाऱ्याचा हात कळतो. दादाच्या शाळेच्या शेवटच्या वर्षी, मार्च महिन्यात, त्याचं कोपर खाली यायला लागलं. चेंडू माझ्या मिटपासून हातभर डावीकडे पळायचा. मी उठून बाबांना म्हटलं, “त्याचं कोपर दुखतंय. थांबवा त्याला.”

बाबांनी अशी ठेवून दिली की मी बादलीसकट आडवी झाले. “वस्तादाला शिकवतीस?”

दादाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “आय ॲम फाइन, यार. तू फक्त कॅच कर.”

त्यालाही कॉलेजात जायचं होतं ना.

एप्रिलमधल्या एका शनिवारी तीन कॉलेजांचे लोक येणार होते. ते जाळीमागे खुर्च्या टाकून बसले, हातात स्पीड मोजायच्या गन. दादाचा पहिला चेंडू बॅटरच्या बरगडीत बसला. तो वाकला, थुंकला आणि बेसवर गेला. त्याच्यानंतरच्या पोराच्या थेट नाकावर. हेल्मेट उडालं, पोरगा गुडघ्यावर आला आणि बॅटरच्या पायाजवळच्या प्लेटवर रक्ताची धार लागली. दादा मुद्दाम मारत नव्हता. कोपरात कळ येत होती म्हणून त्याचा हात वेळेवर सुटत नव्हता. पण समोरच्यांना ते कसं कळणार? त्यांचा सगळा बेंच मैदानात धावला, आमचाही धावला. दादाला खाली पाडून चार जण त्याच्या पाठीत बुक्के घालत होते. कुणीतरी स्पाइकवाल्या बुटाने त्याच्या मांडीवर पाय दिला. तेवढ्यात बाबा कुंपणावरून उडी मारून आत गेले. समोरच्या टीमचा कोच, दांडगा माणूस, त्यांना अडवायला आला. बाबांनी त्याचा हात खांद्यावर ओढून घेतला आणि त्याला धोबीपछाड मारला. तो पाठीवर असा पडला की त्याचा श्वासच अडकला. क्षणभर सगळे मारामारी सोडून बघत राहिले.

बाबांना दोन पोलिसांनी मैदानाबाहेर नेलं. दादाने कुणावर हात टाकला नव्हता म्हणून अंपायरने त्याला ठेवलं. आमचा कोच विचारायला गेला तर दादा म्हणाला, ठीक आहे. कुंपणाबाहेरून पोलिसांच्या मधून बाबा ओरडत होते, “टाक! जोरात टाक! ते बघायलेत तुला!”

दादाने टाकला. ओलं धोतर दोन्ही हातांनी फाडावं तसा आवाज आला. मी पहिल्या रांगेत होते, मला तो ऐकू आला. मग दादाची किंकाळी. त्याचा उजवा हात त्याच्या शेजारी लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. जाळीमागच्या तिघांनी गन पिशवीत घातल्या, खुर्च्या मिटल्या आणि गाड्यांकडे गेले.

मॅच मात्र संपली नव्हती. कोचने एक बुटका, डावखुरा पोरगा पुढे केला. त्याला आम्ही कुणी मोजतच नव्हतो. चेंडू असा हळू, की मीसुद्धा मारला असता असं वाटायचं. प्लेटवर अजून रक्त होतं. त्या पोराने शेवटपर्यंत टाकलं आणि मॅच जिंकली. बाबा तोवर पोलिसांच्या गाडीत होते, दादा ॲम्ब्युलन्समध्ये. बघायला मी एकटीच होते. टीममध्ये कुणाला ठेवायचं याबद्दलची माझी सगळी मतं त्या दुपारची आहेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा सुटून आले. दादा गळ्यात झोळी बांधून खाटेवर बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोपराचा आतला बंध पूर्ण तुटलाय. बाबांनी ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातली नळी उचलली.

“शेवटचा चेंडू ढिला टाकलास.”

नळी उतरली तशी दादाने ती डाव्या हाताने धरली, ओढली, आणि त्याच हाताची मूठ बाबांच्या जबड्यावर मारली. जिथे बॅट बसली होती तिथेच. बाबा भिंतीवर आदळले. मग दोघे एकमेकांच्या अंगावर. दादा एकाच हाताने भांडत होता आणि रडत होता. मी मधे पडले तर कुणाचं तरी कोपर माझ्या डोळ्यावर बसलं.

आई गिऱ्हाइकांच्या पोळ्या लाटत होती. तिने हात पुसले, कोपऱ्यातला मुद्गल दोन्ही हातांनी उचलला आणि टीव्हीत घातला. काचा खोलीभर उडाल्या. सगळे थांबले.

“एक पोर, एक पोर करत व्हता न्हवं?” आई धापा टाकत म्हणाली. “ह्याचं तुम्ही वाटोळं केलंसा. घरात दुसरं हाय. ते दिसत न्हाई तुमास्नी?”

“ही?” बाबांच्या ओठातून रक्त येत होतं. “ही काय खेळणार?”

“खेळंल कशाला? शिकंल. तिचे मार्क बघितलेत कवा?”

बाबांनी कधी बघितले नव्हते. त्या दिवशी फुटलेल्या काचांमध्ये बसून त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, “कितवी हाईस तू?”

“नववी.”

“नंबर कितवा?”

“पहिला.”

 त्यांनी उठून झाडू घेतला.

दादाचा हात पुढे कामापुरता बरा झाला, पिचिंगपुरता कधीच नाही. शाळा संपल्यावर तो बाबांच्याच पंपावर लागला. आता ट्रक चालवतो. मी आधी कम्युनिटी कॉलेजात गेले, संध्याकाळी एका वेअरहाउसमध्ये खोकी उचलायचे. पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलसमध्ये आपटले. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी मला काही न विचारता दादाला विचारलं, “हिला दोन लावू का?”

“लावून बघा,” दादा म्हणाला. “माझा एक हात अजून चांगला आहे.”

बाबांनी नाही लावली. त्याऐवजी दादा कामावरून येऊन मला रोज शिकवणीला सोडायचा, आणि मी बाहेर येईपर्यंत गाडीत झोपायचा. बदाम माझ्या डब्यात यायला लागले. मला ते गिळवत नसत, दादासमोर तर नाहीच. पण खाल्ले.

पुढच्या खेपेला मी कॅल्क्युलस पास झाले. दोन वर्षांनी तिथून स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. मधे एकदा वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्टने पायाचं हाड मोडलं तेव्हा प्लास्टरमध्ये परीक्षा दिल्या. सोडून देते असं मी एकदाही म्हटलं नाही, कारण माझ्यानंतर आमच्याकडे कुणी नव्हतं.

मी सिव्हिल इंजिनिअर झाले. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली.