काळ्या मातीवरची कबड्डी

अमरावतीच्या आमच्या विद्यापीठात मुलींचा कबड्डी क्लब आम्ही पोरींनीच काढला. आम्ही मोजून सात, राखीव कोणी नाही. कप्तान मी, कारण भांडायला मीच पुढे असायचे. क्रीडा विभागाच्या सरांशी भांडून भांडून हॉस्टेलमागचा कोपरा मिळवला, पण त्यांनी अट घातली. "अकोल्याच्या पोरींच्या संघाला बोलवा. रविवारी सामना झाला तर कोपरा तुमचा. नाही तर तिथं पोरांचं क्रिकेटचं नेट लागेल."

कबड्डीला मुरमाची लाल माती लागते, हे कोणीही सांगितलं असतं. पण आम्ही शेतकऱ्यांच्या पोरी, मातीबद्दल दुसऱ्याला विचारणार होय? आमची मूर्तिजापूरकडची चढाईवाली म्हणाली, "आमच्या वावरातली आणू. तशी माती नाही कुठं." तिच्या बाबांनी शेतातली ट्रॉलीभर काळी माती पाठवली. आम्ही ती चाळली, पसरली, पाणी मारून चोपली. काय देखणं दिसत होतं मैदान! सुकेपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलं.

मग कडक ऊन पडलं. रविवारी सकाळी जाऊन पाहतो तर भेगाच भेगा. माझा अख्खा पंजा आत गेला. तिथं पाय अडकला की मोडलाच.

"काहून वो, वावरात राहते ना तू? इतकं नाही समजत?" मी चढाईवालीवर खेकसले.

"वावरात भेगा पडतातच वो ताई. मले वाटलं, चोपल्यावर नाही पडणार." ती रडकुंडीलाच आली. खरं तर मलाही तसंच वाटलं होतं. अकोल्याची गाडी निघालेली, सर घड्याळ बघत उभे.

डोळे पुसत तीच म्हणाली, "हॉस्टेलातल्या गाद्या टाकू ना!"

हॉस्टेलात आमच्यावर सगळ्या वैतागलेल्या. रोज पहाटे आमच्या सरावाच्या आरडाओरड्यानं त्यांची झोपमोड व्हायची. पहिलंच दार उघडलं ते वॉर्डनकडे माझी तक्रार करणाऱ्या पोरीनं. आता ही मला सोलून काढणार, असं वाटलं. तिनं ऐकून घेतलं आणि लगेच स्वतःची गादी गुंडाळायला लागली. मग तीच दारं वाजवत सुटली. जिन्यावरून गाद्याच गाद्या उतरल्या. भेगांवर त्या अंथरून वर मेसची ताडपत्री ताणून बांधली, चुन्याच्या रेघा मारल्या.

अकोल्याची कप्तान गाडीतून उतरली आणि पाहतच राहिली. "हे काय वो? झोपाले बोलावलं का आमाले?"

हसून हसून पोट दुखलं. पण त्या खेळल्या मात्र, आणि आम्हाला धू धू धुतलं. कडेला उभ्या हॉस्टेलच्या पोरी घसा बसेपर्यंत आमच्यासाठी ओरडल्या. मी रागानं रडत होते, तेव्हा सर म्हणाले, "सामना झाला. कोपरा तुमचा."

दुसऱ्या दिवशी पहाटे, मुरूम टाकायचा म्हणून काळी माती उकरायला आम्ही सात जणी निघालो, तर ती तक्रारवाली मैदानात आधीच हजर. तिच्यामागे आणखी कितीतरी जणी, ओढण्या कमरेला बांधून.

"गादी दिली न आमी?" ती म्हणाली. "आता खेळाले बी घ्या."

काय सांगू किती आनंद झाला! मी आपलं माझ्या हातातलं फावडं तिला दिलं.