माधवीअक्काचा कडक पोल

पोल व्हॉल्टवाल्यांकडे किस्से साचतातच. उडी क्षणात संपते आणि पाळीची वाट बघण्यात अख्खी सकाळ जाते. मग गवतावर बसून करणार काय? मी पुण्याचा, नोकरी व्हाइटफील्डला. दर रविवारी मैदानावर जमणाऱ्या या मंडळींमुळेच बंगळूरात माझी मराठी टिकलीय.

सध्याचे किस्से सगळे माधवीअक्काचे. अक्का बँकेत आहे, पंचेचाळिशीची. लग्नानंतर सुटलेली उडी तिने पुन्हा सुरू केली. पण जुना पोल तिला नरम पडायला लागला. फार वाकायचा आणि तिला थेट आडव्या दांडीवर आपटायचा. म्हणून तिने नवा, कडक पोल घेतला. "व्हेटरन्सच्या मीटमध्ये कडक पोलवर जमलं नाही, तर हा नाद सोडला," असं तिने जाहीर केलं.

*

किती वजनाच्या माणसासाठी पोल आहे, ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. अक्काच्या सासूबाईंनी नव्या पोलवरचा आकडा वाचला, सुनेकडे पाहिलं आणि तिच्या भातावरचं तूप दुप्पट केलं.

"अहो आई, वजन नाही, धावण्याचा वेग वाढवायचाय."

"सरी, बरं. मग तूप खाऊन धाव."

*

राजाजीनगरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये पोल कॉरिडॉरमध्ये टांगलेला असतो. शेजारणीने त्यावर ओल्या चादरी वाळत घातल्या. अक्का तणतणत गेली, तर बाई म्हणाल्या, "हा बरा आणलास. आधीचा मेला मधोमध वाकायचा."

*

मैदानावर मात्र हा पोल वाकेचना. पहिल्याच उडीत अक्का त्याला लटकली, जरा थांबली आणि मागे धावपट्टीवरच उतरली. आमचे कोच रामअण्णा, मल्लेश्वरमचे जुने रहिवासी. म्हणाले, "इतक्यात परत? काही विसरलीस का?"

सगळे हसले, अक्का नाही. बुटाची नाडी सोडताना तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

*

असं मागे पडण्याच्या भीतीवर अण्णांचा एक उपाय आहे. पोल टेकतो तिथे उभं राहायचं आणि उडी मारणाऱ्याचा पाय जमिनीवरून सुटला की त्याच्या पाठीला हलका धक्का द्यायचा. त्या धक्क्याने अक्काला जमायला लागलं. पण स्पर्धेत कोचला आत प्रवेश नाही.

मीटमध्ये दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्यांदा, शेवटच्या संधीला, अक्का धावली. कठड्याशी गर्दीत उभ्या अण्णांची नजर तिच्या पायांवर. तिचा पाय सुटला आणि त्याच क्षणी अण्णांनी पुढच्या माणसाच्या पाठीत सणसणीत धक्का दिला. तो अनोळखी गृहस्थ कॉफीच्या ग्लासासकट कठड्यापलीकडच्या गवतात.

आम्ही धावलो. शर्टभर कॉफी, कोपर खरचटलेलं. तिकडे दांडी जागेवर आणि अक्का गादीवर हात पसरून पडलेली, हसतेय. अण्णा माफी मागायला लागले, तसं त्या गृहस्थांनी गादीकडे पाहिलं, शर्ट झटकला आणि विचारलं, "पुढच्या उंचीलाही मीच उभा राहू का?"