बिनकामाचं प्यादं

सोमवारी इस्त्रीवाल्याच्या दुकानापुढं जेवढी माणसं जमायची, तेवढ्यांचे कपडे काही चुरगळलेले नसायचे, बरं का! निम्मी यायची ती टेबलाच्या कोपऱ्यावरच्या कोड्यासाठी. बुद्धिबळाचा पट, त्यावर मोजकी मोहरी, आणि मागच्या फळीवर खडूनं लिहिलेलं : पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात. कोडं इस्त्रीवाल्यानं स्वतः रचलेलं असे. रचायच्या नादात एकदा त्यानं एका नवरदेवाच्या सदऱ्यावर इस्त्री तशीच ठेवली होती. पाठीवर हा एवढा त्रिकोण! तो गडी लग्नात उकडून निघाला, पण कोट काही काढला नाही त्यानं.

कपड्यांत चूक होईल, कोड्यात व्हायची नाही. "पँटला दोन क्रीज पडल्या की पँट वाया, तशी दोन उत्तरं निघाली की कोडं वाया," असं तो सांगे. पहिली चाल शह देणारी नको. शह काय, कुणीही सोम्यागोम्या देतो. चाल अशी गुपचूप हवी की बघणाऱ्यानं म्हणावं, हे काय भलतंच? आणि पटावर फुकट खाणारं एकही मोहरं नको.

हे सगळं त्याला शिकवलं थोरल्या भावानं. थोरला बसचा ड्रायव्हर. कामावरून परत जाताना खाकी कपड्यांचं गाठोडं खांद्यावरून न उतरवताच कोडं सोडवायचा आणि वर ऐकवायचा, "बरंय धाकट्या. पण तुझा उंट जरा आळशी दिसतोय." की झालं! धाकटा आठवडाभर त्या उंटाला कामाला लावत बसायचा.

पुढं थोरला निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत त्याला झटका आला. जीव वाचला. पण उजवा पाय ओढत चालू लागला, शब्द जड झाले, आणि पटाकडं बघता बघता नजर कुठंतरी भरकटायला लागली. सोमवारी बाकावर येऊन बसायचा, बघायचा, आणि "ऊन फार आहे आज" म्हणून उठून जायचा.

"घरी आले की भिंतीकडं तोंड करून पडतात," वहिनी कपडे टाकायला आली तेव्हा म्हणाली. "तुम्हीच काहीतरी करा भावजी."

भावजींनी केलं! वजिरानं सरळ शह द्यायचा, राजाला सरकायला एकच घर, तिथं हत्तीनं मात. शेंबडं पोरही सोडवेल असं कोडं. ते अगदीच उघडंवाघडं दिसू नये म्हणून कडेला एक काळं प्यादं उभं केलं, नुसतं गर्दीला. वर पोस्टमनला आणि शेजारच्या शिंपिणीला सांगून ठेवलं, "आज दादा सोडवेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही हं."

दादानं सोडवलं. पोस्टमननं टाळ्या पिटल्या. शिंपीण म्हणाली, "वा दादा! आम्ही सकाळपासून डोकं फोडतोय!" आता ही बाई सकाळपासून ब्लाउजला हुक लावत होती, हे सगळ्यांना दिसत होतं.

दादा हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं डाव्या हातानं कडेचं प्यादं उचललं, पटाकडं पाहिलं. मात होती तशीच होती. त्यानं एकदा पोस्टमनकडं पाहिलं, एकदा शिंपिणीकडं. धाकट्याकडं पाहिलं नाही. प्यादं खिशात टाकलं आणि पाय ओढत निघून गेला.

धाकट्याचे कान गरम झाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी वहिनीनं गाठोड्याबरोबर ते प्यादं टेबलावर ठेवलं.

"म्हणाले, याला काम नसेल तर पटावर उभं करू नको म्हणावं."

"आणखी काही?"

"आणखी काय? म्हणाले, मला लुळा झटक्यानं नाही केला, धाकट्यानं केला."

इस्त्रीवाला मान खाली घालून एकाच कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिला. जन्मभर ज्यानं आपल्याला कोड्यात लबाडी करू दिली नाही, त्यालाच आपण चार लोकांदेखत फसवलं, आणि त्या चार लोकांनाही सामील करून घेतलं. पोस्टमन आला की आता तो उगाच कोळसे चाळू लागे. दादाच्या घरावरून जायचं टाळून लांबच्या गल्लीनं घरी जाई.

पुढच्या सोमवारी त्यानं कोडं मांडलं ते खरंखुरं. सगळ्यांचा डोळा हत्तीवर जावा आणि हत्तीनंच गळा कापावा, असं. दादा आला नाही. धाकट्यानं ते तसंच ठेवलं. लोक म्हणाले, शिळं झालं, बदल की! तो म्हणाला, "कपडे न्या आणि गप बसा."

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी दादा आला. बाकावर बसला. बघत राहिला, थकला, डोळे मिटले, पुन्हा उघडले. पोस्टमननं वजिराकडं बोट केलं मात्र, दादा गुरकावला, "तू आधी आपल्या तोंडाला इस्त्री कर!"

ऊन उतरलं तेव्हा दादानं डाव्या हातानं हत्ती उचलून पुढं ठेवला आणि धाकट्याकडं वर पाहिलं.

चूक. इतर कुणी असतं तर इस्त्रीवाल्यानं हसत हसत उत्तराची चाल केली असती. आता त्याचा हातच उठेना. हं म्हटलं की दादा आनंदानं घरी जाणार होता. दुकानात कुणाला खरं उत्तर ठाऊक नव्हतं.

त्यानं इस्त्री बाजूला उभी केली. काळा घोडा मागं घेतला. राजाला वाट मोकळी झाली.

"नाही दादा," तो म्हणाला. "इथून सुटतो."

दादानं घोड्याची चाल पुन्हा करून बघितली, मग घोडा आणि हत्ती मूळ जागी परत ठेवले.

"सुटतो खरा, लेकाचा," तो म्हणाला. मग काठी सावरत उठला. "हलवू नको रे. उद्या येतो."