सव्वा तासावरचं नागपूर

जामबागेतल्या आमच्या घरी मावशीचा फोन आला, तेव्हा आई मेथी निवडत होती. नागपूरच्या या थोरल्या बहिणीशी ती सहा वर्षं बोलली नव्हती.

"परवा गुडघ्याचं ऑपरेशन आहे," मावशी म्हणाली. "त्याआधी ये."

"हौ, येते," एवढंच बोलून आईनं फोन ठेवला.

गाडीचं तिकीट मिळेना. मी मोबाइलवर पाहिलं. रस्त्यानं सुमारे पाचशे किलोमीटर, विमानानं सव्वा तास. आईला सांगितलं, तर ती मेथीकडे पाहतच राहिली.

सहा वर्षांपूर्वी आजोबा मावशीकडेच वारले. निरोप आला तशी आई हाताला लागलं ते घेऊन स्टेशनावर गेली, मिळेल त्या गाडीनं निघाली. पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच मावशी म्हणाली, "विमान नव्हतं का?" आई विमानात कधी बसलीच नव्हती. ते तिला सुचलंही नव्हतं. तेराव्यापर्यंत ती राहिली, आणि परत आल्यावर तिनं नागपूरचं नाव घेतलं नाही.

विमानात मी तिला खिडकीशी बसवलं. सकाळ होती. खाली शहर हळूहळू विरघळलं, मग नुसतं पांढरं. पांढऱ्यामागून पांढरं येत होतं, आणि आपण पुढे जातोय की जागच्या जागी तरंगतोय, ते कळत नव्हतं. आईच्या गालावर ऊन पडलं होतं. तिचा हात माझ्या हातात होता, पण ती मात्र फार लांब कुठंतरी होती. मला डुलकी लागली. जाग आली ती विमान उतरतंय या सूचनेनं.

"आलं?" आईनं विचारलं.

"आलं."

"एवढंच होतं?" ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, काचेकडे तोंड करून, "एवढंच होतं गं!"

सामान येतं त्या पट्ट्याशी ती खुर्चीत बसली. बाकीचे लोक बॅगा उचलून गेले. आमची एकटीच फिरत राहिली.

"उचलू?"

"राहू दे. अजून एक चक्कर."

मीही बसले. बॅग पडद्याआड जायची, पुन्हा यायची. किती वेळ गेला, कोण जाणे. फोन वाजला. मावशी होती. "अगं, विमान कधीचं उतरलंय. मी बाहेर उभी आहे."

"ती आलीय?" आई ताडकन उठली. "त्या गुडघ्यानं?"

बॅग मलाच उचलावी लागली. बाहेर मावशी काठी टेकून उभी होती. केस पार पांढरे झाले होते. आई तिच्यापुढं जाऊन थांबली.

"मी तेव्हा फार बोलले," मावशी म्हणाली.

"हौ. बोललीस."

"तुझी वाट बघून बघून..."

"मला माहीतच नव्हतं गं, ताई," आई म्हणाली आणि तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधोमध, रडू लागली. मावशीनं काठी माझ्याकडे दिली आणि तिला जवळ घेतलं.

टॅक्सीत दोघी मागे बसल्या. थोड्या वेळानं आरशात पाहिलं, तर मावशीच्या खांद्यावर डोकं टाकून आई झोपली होती. मावशी ड्रायव्हरला हलक्या आवाजात म्हणाली, "जरा सावकाश घ्या."

ऑपरेशन नीट झालं. माझी रजा संपली, मी परतले. आई दीड महिना तिथंच राहिली.